सुक्या बोंबलाचे कालवण

सुक्या बोंबलाचे कालवण हा गिरगाव, परळ, लालबाग येथील कोकणी चाकरमान्यांच्या बिऱ्हाडांत रुजलेला पदार्थ आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस बंदी असते. तेव्हा ताज्या मासळीची उणीव डब्यातले बोंबील भरून काढतात.

डोके-शेपटी काढून केलेले तुकडे किंचित भाजून कोमट पाण्यात धुतात. तेलात ठेचलेला लसूण व कांदा परतून हळद, मालवणी मसाला, बटाट्याच्या फोडी व पाणी घालतात. बटाटा शिजत आल्यावर बोंबील आणि अखेरीस आमसुले टाकतात. आमसूल आधी पडल्यास बटाटा कडक राहतो. बोंबील सहसा मीठ न लावता वलांडीवर वाळवतात, म्हणून खाऱ्या बांगड्याप्रमाणे येथे मिठात काटकसर करू नये. बटाट्याऐवजी वांगेही चालते. किंबहुना तेच अधिक रुचते. सोबत भात किंवा तांदळाची भाकरी असते.