बलरेषा आणि वास्तू

भिलाईसारख्या पोलादनगरीत चुंबक ही केवळ शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवण्याची वस्तू नव्हे. पोलाद कारखान्यात क्रेनला टांगलेली जाडजूड थाळी भंगाराच्या ढिगावर उतरते. तिच्यातील वेटोळ्यात वीज सोडली की मणामणाचे तुकडे तिला झेपावून चिकटतात आणि वीज तोडताच धाडकन खाली पडतात. रसरसलेल्या पोलादापुढे मात्र ही थाळी हतबल ठरते, कारण सुमारे 770 अंश सेल्सियसच्या वर लोखंड आपला चुंबकधर्म टाकून देते. गंमत अशी की, हे लोखंड ज्या दल्ली-राजहऱ्याच्या हेमॅटाइट खनिजातून निघते, ते खनिज साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाही.

चुंबकाच्या या अदृश्य ओढीला आकार असतो. कागदाखाली चुंबक धरून वर लोहकीस भुरभुरावा आणि कागदावर हलकेच टिचकी मारावी. कीस कमानीकमानींनी मांडला जातो. या कमानींना मायकेल फॅरडे याने बलरेषा म्हटले. त्या ध्रुवांपाशी दाट होतात, दूर विरळ होतात आणि एकमेकींना कधीही छेदत नाहीत. नेमक्या याच गुणांनी अलीकडच्या वास्तुविशारदांना भुरळ घातली आहे.

त्यांच्या पद्धतीला प्रचलाधिष्ठित रचना म्हणता येईल. प्रचल म्हणजे बदलता येण्याजोगी राशी. येथे वास्तुविशारद भिंत काढीत नाही, भिंत कशी निघावी याचा नियम लिहितो. संगणकाच्या पडद्यावर तो दोनचार ध्रुव मांडतो आणि प्रत्येकाला बळ देतो. मग कोणत्याही बिंदूपाशी प्रत्येक ध्रुवाची ओढ किंवा लोट किती, याची बेरीज संगणक करतो, त्या दिशेने एक लहान पाऊल टाकतो, तेथे पुन्हा बेरीज करतो. अशा हजारो पावलांची रेषा होते. या रेषांवर छपराच्या फासळ्या, खांबांच्या ओळी किंवा जाळीची छिद्रे बसवावयाची. एक ध्रुव हातभर सरकवला की सारा आराखडा क्षणात नवा होतो.

ही दृष्टी संगणकाच्या सुकाळाआधीची आहे. लुईजी मोरेत्ती या इटालियन वास्तुविशारदाने 1960 साली मिलान येथे क्रीडागाराच्या प्रतिकृती मांडल्या. प्रेक्षकाला मैदान किती चांगले दिसेल, या हिशेबातून त्यांचे आकार निघाले होते. जर्मनीच्या फ्राय ओटो यांनी तर चुंबकच हाताशी धरले. एकच ध्रुव वर असलेल्या चुंबकसुया पाण्यावर तरंगत सोडल्या की त्या एकमेकींना लोटून अंतर राखून उभ्या राहतात. त्यावरून मनुष्यवस्ती जागा कशी व्यापते, याचा त्यांनी विचार केला.

परंतु येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे: पडद्यावरचा ध्रुव कशाच्या जागी उभा आहे? भिलाईत सभागृह बांधावयाचे असेल आणि पश्चिमेच्या वैशाखी उन्हाला लोटणारा एक ध्रुव, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेकडे ओढणारा दुसरा, असा हिशेब असेल, तर त्या वक्ररेषांना अर्थ आहे. तसे नसेल तर ती रांगोळीच. रांगोळीला माझी हरकत नाही, पण तिच्याखाली कोणी बसावयाचे नसते. दुसरे असे की, बलरेषेला वजन ठाऊक नाही. स्पेनच्या गौडीने साखळ्या टांगून कमानींचे आकार शोधले. टांगलेल्या साखळीचा आकार तिच्या वजनातूनच घडतो, म्हणून तो उलटा केला की कमान आपला भार आपण पेलते. चुंबकाच्या रेषेला हे श्रेय नाही. तिच्यावर उभारलेले छप्पर अभियंत्याने पुन्हा मुळापासून तपासावे लागते. शिवाय भिलाईच्या कारखान्यातून रूळ आणि तुळया सरळच बाहेर पडतात. प्रत्येक फासळी निराळ्या वळणाने वाकवावयाची झाली, तर त्या वळणांचे मोल बांधणाऱ्याला मोजावे लागते, आणि सार्वजनिक इमारत असेल तर ते आपणच मोजतो.

चुंबकीय क्षेत्राचा आकार उसना न घेता त्याची आज्ञा पाळणारी एक वास्तू मात्र आपल्या महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे होत होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या आणावयाचे ठरू लागले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने ही नाजूक उपकरणे बिघडणार हे उघड झाले. वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. तेथील इमारतीला तपासून घेतलेला, चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरला आणि लोखंड वर्ज्य करून पितळ, तांबे यांवर भागविले. बिजागरीसुद्धा चुंबकाला विचारून बसवावयाची! बाहेरून पाहता या घराला ना कमानींचे लाटारूप, ना नवल वाटावे असे काही; चुंबकीय क्षेत्राचा वचक होता तो त्याच्या दगडावर आणि खिळ्यांवर. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या मालिकेला नवी बिनचूक जोडता यावी. मग कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे थांबली आणि 1907 साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि तिच्या नोंदी अद्याप चालू आहेत.