चावीची आगगाडी

आळीच्या कोपऱ्यावरचे ते खेळण्यांचे दुकान आज नाही. काचेच्या कपाटात पत्र्याची आगगाडी असे. मालकांनी चावी दिली की ती गोल रुळांवर धावे आणि आम्ही मुले काचेला नाक लावून उभी राहत असू. विकत घेणारे थोडेच!

स्मृतिभ्रंशात सकाळची न्याहारी आधी विसरली जाते. बालपण बहुधा उशिरापर्यंत टिकते. वृद्धांचे गतकाळात रमणे म्हणजे निव्वळ बडबड नव्हे, तो वार्धक्यातील स्वाभाविक मनोव्यापार आहे, असे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडले.

म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांना ‘आठवते का?’ असे विचारू नका. ती परीक्षा होते, आणि नापास होण्याचे दुःख त्यांना कळते. जुनी वस्तू हाती द्यावी, स्वस्थ बसावे. डोळे भरून आले, तर विषय रेटू नये.

माझे वडील मला ओळखेनासे झाले होते. चावीची गाडी हाती देताच त्यांनी तीनच वेढे दिले आणि थांबले. ‘‘जास्त पिळलीस तर स्प्रिंग तुटते. मालक रागावतात,’’ असे म्हणून त्यांनी गाडी माझ्यापुढे सरकवली.