विश्लेषण : ‘सातवी मुलगी’ राक्षसाला कशी हरवते? कमी खर्चातल्या मराठी अद्भुत मालिकांचे गणित काय?

डोळे चमकतात, वारा सुटतो, देवळातल्या घंटा आपोआप वाजू लागतात आणि कालपर्यंत स्वयंपाकघरात दिसणारी सून राक्षसासमोर उभी ठाकते. मराठी वाहिन्यांवर हे दृश्य आता नवे नाही. संगणकावर रचलेला नाग खोटा आहे, हे मुंबईतल्या प्रेक्षकाला कळते तसे नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या प्रेक्षकालाही कळते. तरीही मालिका पाहिली जाते. असे का होते, हा प्रकार थोडक्या पैशांत कसा जमतो आणि त्यातली खरी गोम कुठे आहे, याविषयी...

मालिका कोणती?

या प्रकारातले अलीकडचे ठळक नाव म्हणजे ‘झी मराठी’वरची ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’. 12 सप्टेंबर 2022 रोजी सुरू झालेली ही मालिका डिसेंबर 2024मध्ये संपली. नायिका नेत्रा (तितीक्षा तावडे) ही सातव्या मुलीची सातवी मुलगी. त्रिनयना देवीच्या कृपेने तिला पुढे घडणाऱ्या गोष्टी आधीच दिसतात. तिच्यासमोर उभी आहे रूपाली (ऐश्वर्या नारकर). ही तिच्या सासरच्या घरातलीच बाई, पण तिच्या रूपात ‘विरोचक’ हा असुर वावरतो आहे. मालिकेचा मूळ आधार 2019मध्ये ‘झी बांगला’वर आलेली ‘त्रिनयनी’ ही मालिका. तिची तेलुगू आवृत्ती 2020मध्ये सुरू झाली.

विरोचक हे नाव ऐकताच पुराणातला विरोचन आठवतो. तो प्रल्हादाचा मुलगा आणि बळीराजाचा बाप. ज्या बळीचे राज्य यावे म्हणून मराठी घरांत दिवाळीत ओवाळले जाते, त्याच्याच बापाशी मिळतेजुळते नाव मालिकेत खलनायकाला मिळाले आहे. नावापलीकडे मात्र ही कथा स्वतंत्र आहे.

कमी पैशांत राक्षस कसा उभा राहतो?

दैनंदिन मालिकेला वेळ आणि पैसा दोन्ही बेताचे असतात. मोठ्या चित्रपटात एका लढाईवर महिनोन्‌महिने काम होते. मालिकेचा भाग मात्र रोज संध्याकाळी द्यायचाच असतो. त्यामुळे हिरव्या पडद्यापुढची चित्रे मोजकी ठेवतात. उरलेले काम पार्श्वसंगीत, संथ गती, प्रकाशाचा झोत आणि घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले चित्रण यांवर भागते. राक्षस पाच सेकंद दिसतो आणि त्याला पाहून दचकलेले चेहरे अर्धा मिनिट.

सर्वांत मोठी बचत मात्र कथेतच होते. राक्षस माणसाच्या, तोही घरातल्याच माणसाच्या रूपात आणला की मुखवटा, शिंगे, गुहा, सैन्य काहीच लागत नाही. दिवाणखाना, देवघर आणि जिना एवढ्यात देवासुर संग्राम उरकतो. साडी नेसलेला राक्षस चहाचा कप हातात घेऊन बोलतो, तेव्हा सगळा भार अभिनेत्रीवर येतो. ऐश्वर्या नारकर यांची रूपाली गाजली ती यामुळेच.

ढोबळ दृश्ये प्रेक्षक का चालवून घेतो?

कारण गोष्ट त्याच्या ओळखीची असते. असुराला मारणारी स्त्री मराठी माणसाला टीव्हीने दाखवलेली नाही. उमरीच्याच जिल्ह्यात माहूरची रेणुकामाता आहे. पलीकडे तुळजापूरच्या भवानीची कथा अनुभूती या ऋषिपत्नीला छळणाऱ्या कुकुर दैत्याच्या वधाची आहे. कोल्हापूरच्या नावामागे कोल्हासुराच्या वधाची आख्यायिका सांगतात. वणीची सप्तशृंगी ही महिषासुरमर्दिनी. नवरात्रात घट बसतात ते याच लढाईच्या आठवणीत. पडद्यावर जे अपुरे दिसते, ते प्रेक्षक आपल्या आठवणीतून भरून काढतो.

शेजारच्या राज्याचाही यात वाटा आहे. उमरीहून रेल्वेने निघाले की धर्माबादनंतर तेलंगणातले बासर येते. तेलुगू चित्रपटांनी हा साचा आधीच घडवला होता. कोडी रामकृष्ण यांचा ‘अम्मोरु’ (1995) आणि अनुष्का शेट्टीचा ‘अरुंधती’ (2009) यांत दुष्ट शक्तीशी झुंजणारी नायिकाच कथेच्या केंद्रस्थानी होती.

नायिका ‘सातवी’च का?

इथे गोष्ट खऱ्या आयुष्याला भिडते. घरात सातवी मुलगी जन्मते ती बहुतेकदा मुलाची वाट पाहताना. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर 2011मध्ये ‘नकुशी’ नावाच्या 285 मुलींना नवी नावे देण्यात आली. ‘नकोशी’ असा त्या नावाचा सरळ अर्थ. गर्भलिंग चाचणीवर निर्बंध आणणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988मध्ये केला. तरी 2011च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे राज्यात 894 मुली होत्या. नांदेडमध्ये 910, तर मराठवाड्यातल्याच बीडमध्ये फक्त 807.

अशा प्रदेशात सातवी मुलगी घराला तारते, असे रोज सांगितले जाणे ही लहान गोष्ट नाही. कोणत्याही दृश्य करामतीपेक्षा हा चमत्कार मोठा आहे. मात्र तिला मान मिळतो तो देवीचे वरदान आहे म्हणून. वरदान नसलेल्या सातव्या मुलीचे काय, या प्रश्नाला मालिका हात घालत नाही.

यातून अंधश्रद्धा वाढते का?

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मधील कार्यक्रम संहितेनुसार अंधश्रद्धेला उत्तेजन देणारे कार्यक्रम दाखवता येत नाहीत. अशा मालिकांआधी ‘कथा काल्पनिक आहे’ ही पाटी झळकते ती यासाठी. काल्पनिक कथा सांगणे हा गुन्हा नाही.

पण तीच गोष्ट खऱ्या घरात घडली तर? महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखादी व्यक्ती करणी करते किंवा सैतान आहे असे सांगून तिच्याविषयी संशय पसरवणे, तिला त्रास देणे हा गुन्हा आहे. साप चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हाच. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते 50 हजार रुपये दंड.

मग गोम कुठे आहे?

खर्च वाचवणारी युक्ती आणि धोका एकाच जागी आहेत. राक्षस घरातल्या बाईच्या अंगात घातला की निर्मात्याचा पैसा वाचतो. गावात मात्र एखाद्या बाईला असेच ‘हिच्यात काहीतरी आहे’ म्हटले गेले की तिचे जगणे अवघड होते. नेत्राला विरोचक आधीच दिसतो, कारण लेखकाने तो तिथे ठेवलेला असतो. पडद्याबाहेर तशी खात्री कोणालाच नसते. सातव्या मुलीच्या विजयाला टाळ्या जरूर द्याव्यात, पण टीव्ही बंद केल्यावर घरात राक्षस शोधू नये.