झोपलेला लॅपटॉप उठत नाही तेव्हा

या स्मरणिकेसाठी मुलाबाळांच्या उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी संपादक मंडळींनी आम्हांस सूचना केली. विषय शोधण्यास दूर जावे लागले नाही. गेल्या उन्हाळ्यात कलबुर्गीस शिकणारी आमची भाची खजुरीस आली ती रडतच आली. "मामू, लॅपटॉप मेला," एवढेच ती म्हणाली. शहरातील एका दुकानदाराने मदरबोर्ड गेल्याचे सांगून आठ हजार रुपये खर्च काढला होता. तिच्या अब्बांनी तूर विकून ते यंत्र घेतले होते, आणि दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात द्यावयाचा निबंध त्याच्या पोटात अडकला होता.

यंत्र मेले नव्हते. झोपेतून उठत नव्हते. आता आपल्या सभासदांच्या घरोघरी लॅपटॉप आले आहेत. तेव्हा हा फरक सर्वांस ठाऊक असावा, म्हणून हे चार शब्द.

लॅपटॉपची झोप दोन प्रकारची असते. ती समजण्यासाठी वर्गातली पाटी आणि वही डोळ्यांसमोर आणावी. यंत्राची तात्पुरती स्मृती, जिला रॅम म्हणतात, ती पाटी होय. तिच्यावरील अक्षरे विजेच्या आधाराने टिकतात. वीज तुटली की पाटी कोरी. डिस्क ही वही होय. तिच्यातले लेखन विजेवाचूनही राहते. 'स्लीप' म्हणजे पाटी तशीच ठेवून डोळे मिटणे. यात बॅटरी थोडी थोडी खर्च होत राहते. 'हायबरनेट' म्हणजे पाटीवरील सारे वहीत उतरवून घेऊन निश्चिंत झोपणे. आपल्या काळ्या रानात बेडूक जमिनीखाली दडून उन्हाळा काढतो, तशी ही झोप. बॅटरी संपली तरी त्यात काही हरवत नाही. मात्र उठावयास वेळ अधिक लागतो. 1996 साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी मिळून यंत्रांच्या वीजवापराचे सामाईक नियम केले. या दोन्ही झोपांच्या पायऱ्या त्यांत नेमून दिलेल्या आहेत.

मग यंत्र उठत का नाही? जागे होताना आत एक हजेरी चालते. पडदा, कळफलक, डिस्क, वायफाय या प्रत्येकाने "हजर" म्हणावयाचे असते. प्रत्येक भागाच्या वतीने त्याचा 'ड्रायव्हर' नावाचा प्रोग्राम उत्तर देतो. तो जुना वा बिघडलेला असला की उत्तर येत नाही, आणि एका विद्यार्थ्यासाठी सारा वर्ग खोळंबून राहतो. कधी कारण याहून साधे असते : स्लीपमध्ये बॅटरीच संपलेली असते.

अशा वेळी घाबरून न जाता पुढील क्रमाने पाहावे.

पहिले, थांबावे. पॉवरचे बटण एकदाच हलके दाबून दोन मिनिटे वाट पाहावी. जुन्या यंत्रास हायबरनेटमधून उठण्यास तेवढा वेळ लागतो.

दुसरे, चार्जर लावावा. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून त्याच प्लगवर मोबाइल लावून वीज आहे याची खात्री करावी. मग वीस मिनिटे हात लावू नये.

तिसरे, यंत्र जागे असून पडदाच काळा आहे काय, ते पाहावे. कॅप्स लॉकची कळ दाबल्यावर तिचा दिवा लागतो-विझतो, तर यंत्र जागे आहे. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्यात. त्याने पडद्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, आणि पुष्कळदा काम तेथेच भागते.

चौथे, पेनड्राइव्ह, माउस, प्रिंटर जे काही जोडलेले असेल ते काढून पुन्हा बटण दाबावे.

पाचवा उपाय शेवटचा. पॉवरचे बटण पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे यंत्र पूर्ण बंद होते. चार्जर काढावा, बॅटरी निघण्याजोगी असल्यास तीही काढावी, आणि बटण आणखी तीस सेकंद दाबून ठेवावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. नंतर चार्जर जोडून सुरू करावे. मात्र स्लीपमधील पाटी याने पुसली जाते, म्हणून आधीचे चारही उपाय करून झाल्यावाचून येथे येऊ नये.

भाचीच्या यंत्राचा कॅप्स लॉकचा दिवा लागला नाही. पाचव्या उपायाने ते उठले. वर्डने दर दहा मिनिटांनी आपण होऊन ठेवलेली प्रत सापडली. निबंध मिळाला, शेवटची दोन पाने मात्र गेली. ती तिने रात्री जागून पुन्हा लिहिली. आठ हजार रुपये वाचले.

यंत्र उठले म्हणजे काम संपले नाही. पुन्हा तसे होऊ नये याची तजवीज करावी. यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून पडद्याचा ड्रायव्हर अद्ययावत करावा. डिस्क तुडुंब भरू देऊ नये. वहीत पान शिल्लक नसेल तर पाटी उतरवावयाची कोठे? 2012 च्या विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आहे. तिच्यामुळे 'शट डाउन' केले तरी यंत्राचा काही भाग हायबरनेटच होतो. म्हणून वारंवार अडचण येत असल्यास ही सोय कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन बंद करावी. तोपर्यंत अधूनमधून 'रीस्टार्ट' करीत जावे. त्यात सारी हजेरी नव्याने होते.

अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांची स्लीप फार सावध असते. झाकण मिटले तरी आत काही ना काही चालू राहते. वैशाखात आपल्याकडे पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत तसे यंत्र दप्तरात घालून एस.टी.त बसले, तर ते आतल्या आत तापते व बॅटरी संपते. भाचीचे बहुधा असेच झाले असावे. प्रवासास निघताना हायबरनेट करावे, नाही तर पूर्ण बंद करावे.

दुकानाची वाट धरण्याचे प्रसंगही आहेत. खात्रीच्या चार्जरनेही दिवा लागत नसेल, सुरू करताना ठरावीक पिप-पिप आवाज येत असेल, किंवा बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, तर घरी खटपट करू नये. फुगलेली बॅटरी तर चार्ज करूच नये. तिला आग लागण्याचा धोका असतो.

शेवटी एकच सांगणे. झाकण मिटण्यापूर्वी कंट्रोल आणि एस या दोन कळा दाबण्याची सवय मुलांना लावावी. पाटीवरचे वहीत उतरवून मगच दप्तर भरावे, हे आपण त्यांना पहिलीपासून शिकवीत आलो आहोत. यंत्र नवे असले तरी धडा तोच आहे.