विश्लेषण : दूरदर्शनचा ‘ब्योमकेश बक्षी’ तीन दशकांनंतरही अस्सल का वाटतो? २०३१ नंतर काय बदलणार?

धोतर-कुर्ता घातलेला, आवाज न चढवणारा, घरात चहा घेता घेता खुनाची उकल करणारा ब्योमकेश बक्षी १९९३ मध्ये दूरदर्शनवर अवतरला. त्यानंतर या व्यक्तिरेखेवर अनेक चित्रपट आणि वेबमालिका आल्या. त्यांचा खर्च मोठा होता आणि तंत्रही पुढारलेले होते. तरीही बंगालबाहेरच्या प्रेक्षकाला ब्योमकेश म्हटले की आजही रजित कपूर यांचाच चेहरा आठवतो. बासू चॅटर्जी यांच्या या मालिकेने नेमके काय साधले, गाजलेली रहस्यकथा पडद्यावर आणताना अडचण कुठे येते आणि काही वर्षांत या कथांवरील स्वामित्व हक्क संपल्यावर काय होईल, याविषयी…

ब्योमकेश मुळात कोण?

शरदिंदू बंद्योपाध्याय (१८९९-१९७०) यांनी १९३२ मध्ये ही व्यक्तिरेखा बंगालीत आणली. ‘पथेर काँटा’ आणि ‘सीमंत हीरा’ या दोन कथा लिहून झाल्यावर त्यांना मालिकेची कल्पना सुचली आणि मग त्यांनी नायकाची ओळख करून देणारी ‘सत्यान्वेषी’ ही कथा लिहिली. म्हणजे कथाक्रमात पहिली असलेली ही कथा लिहिण्याच्या क्रमाने तिसरी आहे. ब्योमकेशच्या एकूण ३२ कथा पूर्ण झाल्या, तर एक लेखकाच्या निधनामुळे अपुरी राहिली.

कोलकात्याच्या हॅरिसन रोडवर, म्हणजे आजच्या महात्मा गांधी मार्गावर, ब्योमकेशचे बिऱ्हाड आहे. दारावरच्या पाटीवर तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो, कारण गुप्तहेर हा शब्द त्याला आवडत नाही. त्याचा मित्र आणि बहुतेक कथांचा निवेदक अजित हा लेखक आहे. शेरलॉक होम्स आणि वॉटसन यांच्या जोडीची सावली इथे उघड दिसते. पण होम्स एकटाच राहतो आणि ब्योमकेश संसारी होतो. ‘अर्थमनर्थम्’ कथेत ज्या तरुणावर खुनाचा आळ येतो, त्याची बहीण सत्यवती पुढे ब्योमकेशची पत्नी होते. त्यांना मुलगा होतो, वय वाढते, अवतीभवतीचा काळही पुढे सरकतो. फाळणीपूर्वीच्या दंगली, स्वातंत्र्य आणि त्यानंतरचे बदललेले कोलकाता या कथांमधून दिसत राहते.

महाराष्ट्राशी याचे नाते काय?

शरदिंदू १९३८ मध्ये मुंबईत आले आणि हिमांशू राय यांच्या ‘बॉम्बे टॉकीज’साठी पटकथा लिहू लागले. जवळपास दीड दशक चित्रपटसृष्टीत काढल्यानंतर १९५२ मध्ये ते काम सोडून ते पुण्यात स्थायिक झाले आणि पुन्हा पूर्णवेळ साहित्याकडे वळले. ब्योमकेशच्या पहिल्या १० कथा १९३०च्या दशकातल्या आहेत. त्यानंतर सुमारे १५ वर्षे त्यांनी ब्योमकेशवर काही लिहिले नाही. उरलेल्या २२ कथा १९५१ पासून पुढच्या आहेत. कोलकात्याच्या गल्ल्यांमध्ये घडणाऱ्या या कथांपैकी बहुसंख्य कथा लेखक पुणेकर असताना लिहिल्या गेल्या, हे अनेकांना ठाऊक नसते. शिवकाळातील ‘सदाशिव’ या मराठी मुलाला नायक करून त्यांनी बंगाली मुलांसाठी कथाही लिहिल्या.

पटकथा लिहिण्यात इतकी वर्षे घालवलेल्या या लेखकाला स्वतःचा नायक छोट्या पडद्यावर पाहता आला नाही. त्यांचे निधन १९७० मध्ये झाले, तर मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले.

मालिका कशी घडली?

बासू चॅटर्जी यांनी ब्योमकेशला हिंदीत आणले. पहिले पर्व १९९३ मध्ये, तर दुसरे १९९७ मध्ये प्रसारित झाले. दोन्ही पर्वांचे मिळून ३४ भाग झाले. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित आणि मराठी प्रेक्षकांच्या परिचयाच्या सुकन्या कुलकर्णी सत्यवती, अशी मुख्य पात्रयोजना होती. दोन पर्वांच्या मधल्या काळात, १९९६ मध्ये, रजित कपूर यांनी श्याम बेनेगल यांच्या ‘द मेकिंग ऑफ द महात्मा’मध्ये गांधीजींची भूमिका केली आणि त्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चॅटर्जी हे मूळचे व्यंगचित्रकार. ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’, ‘बातों बातों में’ या चित्रपटांत त्यांनी मध्यमवर्गीय घर, कचेरी आणि बसथांब्यावरचे जग दाखवले. ‘एक रुका हुआ फैसला’ या १९८६ च्या चित्रपटात त्यांनी एका बंद खोलीत बारा पंचांना बसवून केवळ वादविवादातून एका खून खटल्याची उकल उभी केली. त्यात इतरांच्या मताविरुद्ध एकटा उभा राहणारा पंच के. के. रैना यांनी साकारला होता. खोलीत बसलेली माणसे बोलत राहिली तरी प्रेक्षक खिळून राहतो, हे चॅटर्जी यांनी तिथे आधीच आजमावले होते. ब्योमकेशच्या वेळी हाच अनुभव कामी आला.

रहस्यकथा पडद्यावर आणणे अवघड का?

लिखित रहस्यकथेची खरी ताकद लपवण्यात असते. लेखक सगळे दुवे वाचकासमोर ठेवतो, पण त्यातला महत्त्वाचा दुवा चार बिनमहत्त्वाच्या तपशिलांमध्ये दडवतो. अजितसारखा निवेदक इथे उपयोगी पडतो. तो जे पाहतो तेच वाचकाला दिसते आणि त्याच्या नजरेतून जे निसटते ते वाचकाच्याही नजरेतून निसटते. कॅमेऱ्याला ही सोय नसते. टेबलावरची वस्तू दाखवली तर ती सगळ्यांनाच दिसते. मुद्दाम जवळून दाखवली तर प्रेक्षक सावध होतो आणि दाखवलीच नाही तर शेवटी फसवणूक झाल्यासारखे वाटते.

‘सत्यान्वेषी’ कथा हे याचे सोपे उदाहरण. अजित राहतो त्या खाणावळीत अतुलचंद्र नावाचा एक तरुण येतो आणि अजितच्या खोलीत राहू लागतो. हाच ब्योमकेश आहे, हे पुस्तकात उशिरा उलगडते. मालिकेत मात्र नायकाची भूमिका कोण करतो हे प्रेक्षकाला ठाऊक असते. त्यामुळे पुस्तकातला हा धक्का पडद्यावर बोथट होणारच. अशा वेळी पटकथेला उत्कंठा दुसरीकडे शोधावी लागते. हा कोण, यापेक्षा हा इथे काय शोधतोय आणि नेमका कोणावर डोळा ठेवून आहे, हे प्रश्न पुढे येतात.

‘पथेर काँटा’मध्ये रस्त्याने चालणारी माणसे ग्रामोफोनच्या पिनेने मारली जातात. उकल इथे सांगणे योग्य नाही, पण तिचा एक धागा रस्त्यावरच्या अगदी रोजच्या आवाजाशी जोडलेला आहे. पुस्तकात असा आवाज एका शब्दात उरकता येतो. पडद्यावर तो प्रत्यक्ष ऐकवावा लागतो आणि तरी कोणाच्या लक्षात येणार नाही इतका साधा ठेवावा लागतो. ‘माकडसार रस’मध्ये तर ब्योमकेश दुसऱ्या कामात गुंतलेला असल्याने अजितला पाठवतो आणि त्याने आणलेल्या हकिगतीवरून घरबसल्या कोडे सोडवतो. वाचताना ही गंमत सहज जमते. चित्रीकरणात मात्र अजितचे पाहणे आणि ब्योमकेशचे ऐकणे, दोन्ही तितकेच रंगवावे लागते.

विशेष म्हणजे ही अडचण खुद्द शरदिंदूंनाही जाणवली असावी. शेवटच्या काही कथांमध्ये त्यांनी अजितचे निवेदन सोडून दिले आणि कथा तृतीयपुरुषात लिहिल्या.

मग मालिकेने मार्ग कसा काढला?

पहिली गोष्ट, तिने निवेदकाची जागा संवादांना दिली. अजित इथे केवळ सांगणारा राहत नाही, तर तो शंका काढतो, चुकीचे अंदाज बांधतो, कधी चिडतो. प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न अजितच्या तोंडून येतो. रैना यांनी त्याला बावळट केले नाही, हे महत्त्वाचे. अजित हुशार असूनही चुकतो, म्हणून ब्योमकेशची हुशारी खरी वाटते.

दुसरी गोष्ट, मालिकेने वेग वाढवण्याचा मोह टाळला. बहुतेक प्रसंग घरात, दिवाणखान्यात, जिन्यात किंवा अंगणात घडतात. ब्योमकेश समोरच्याला बोलू देतो. संशयिताचे नोकराशी वागणे, पैशाचा विषय निघताच बदलणारा चेहरा, भावाभावांमधली अढी यांतून दुवे मिळत जातात. मूळ कथांमधले गुन्हेही याच मातीतले आहेत. मृत्युपत्र, वारसा, विवाहबाह्य संबंध, व्यसन आणि घराण्याची अब्रू यांतूनच बरेचसे खून होतात.

तिसरी गोष्ट, मालिकेने ‘सत्यान्वेषी’ या शब्दाचा अर्थ राखला. सत्य शोधणे आणि गुन्हेगाराला पोलिसांच्या हवाली करणे, या ब्योमकेशसाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही कथांमध्ये त्याला गुन्हेगार कळतो, पण तो त्याला जाऊ देतो. त्यामुळे भागाच्या शेवटी आरोपीला बेड्या पडल्याच पाहिजेत, असा नियम इथे नव्हता. पुढे १९९८ मध्ये ‘सोनी’वर सुरू झालेल्या ‘सीआयडी’ने तपासपथक, प्रयोगशाळा आणि अटक असा ठरलेला साचा लोकप्रिय केला. त्या साच्याच्या शेजारी ठेवल्यावर ब्योमकेशचे वेगळेपण अधिक ठळक होते.

मालिकेचा काळही बोलका होता. १९९२ मध्ये ‘झी टीव्ही’ सुरू झाला आणि दूरदर्शनची मक्तेदारी मोडू लागली. ब्योमकेश त्या सांध्यावर आला. घरातले सगळे एकाच वाहिनीसमोर बसण्याचे ते शेवटचे दिवस होते. त्यामुळे एका बंगाली नायकाला हिंदीमार्फत देशभरात घर मिळाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ज्या जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या, त्यात हीदेखील होती. त्यानंतर काही आठवड्यांतच, ४ जून २०२० रोजी, बासू चॅटर्जी यांचे मुंबईत निधन झाले.

इतरांचे ब्योमकेश वेगळे कसे?

सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये ‘चिडियाखाना’ या चित्रपटात उत्तमकुमार यांना ब्योमकेश केले. दिग्दर्शक आणि अभिनेता, दोघांनाही त्या वर्षीचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, मात्र उत्तमकुमार यांचा पुरस्कार ‘अँटनी फिरिंगी’ आणि हा चित्रपट अशा दोन्हींसाठी होता. अंजन दत्त यांनी २०१० पासून बंगाली चित्रपटांची मालिका काढली. ऋतुपर्ण घोष यांच्या ‘सत्यान्वेषी’त सुजॉय घोष या दिग्दर्शकानेच ब्योमकेश साकारला. दिबाकर बॅनर्जी यांनी २०१५ मध्ये सुशांतसिंह राजपूतला घेऊन दुसऱ्या महायुद्धाच्या छायेतले कोलकाता उभे केले. २०१७ पासून ‘होईचोई’वर अनिर्बन भट्टाचार्य यांची वेबमालिका आली.

दिबाकर यांचा प्रयोग सर्वांत धाडसी म्हणावा लागेल. त्यांनी नायकाचे तारुण्य, शहर आणि जागतिक राजकारण यांना मध्यभागी आणले. दृश्य म्हणून ते देखणे होते, पण कोडे मोठे झाले की घर लहान होते. ब्योमकेशच्या कथांमध्ये भीती वाटते ती परक्या टोळीची नव्हे, तर पंगतीला शेजारी बसलेल्या आपल्याच माणसाची. दूरदर्शनच्या मालिकेने, काही अंशी साधनांच्या मर्यादेमुळे का होईना, ही भीती घराबाहेर जाऊ दिली नाही.

२०३१ नंतर काय?

भारतीय स्वामित्व हक्क कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथ टागोर यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत असताना ती वाढवण्यात आली. शरदिंदूंचे निधन १९७० मधले. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ब्योमकेश कथा १ जानेवारी २०३१ पासून सर्वांसाठी खुल्या होतील. मराठीसह कोणत्याही भाषेत अनुवाद, नाटक, श्राव्यपुस्तक किंवा मालिका करण्यासाठी परवानगी लागणार नाही.

मात्र हे मूळ कथांपुरतेच. दूरदर्शनच्या मालिकेवरचा हक्क स्वतंत्र आहे. चित्रपट आणि मालिकांसाठी ही मुदत प्रसिद्धीपासून मोजली जाते. त्यामुळे १९९३ चे भाग २०५३ अखेरपर्यंत संरक्षित राहतील. उपलब्ध अनुवाद, चित्रपट आणि त्यांच्या पटकथा यांचेही तसेच. कथा कोणीही वापरू शकेल, पण दुसऱ्याने केलेले रूपांतर उचलता येणार नाही.

होम्सच्या बाबतीत हे घडून गेले आहे. अमेरिकेत त्याच्या शेवटच्या कथा २०२३ मध्ये खुल्या झाल्या. त्याआधीच ‘बीबीसी’ने २०१० मध्ये त्याला मोबाइल वापरणारा आजचा लंडनकर केले होते आणि प्रेक्षकांनी तो स्वीकारलाही. ब्योमकेशचेही असे अनेक अवतार येतील. कोणी त्याला आजच्या पुण्यात आणेल, कोणी त्याच्या हाती लॅपटॉप देईल. त्यात गैर काही नाही. काळ, कपडे आणि शहर बदलूनही चालेल. पण समोरच्या माणसाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची त्याची सवय आणि सत्य कळल्यावर त्याचे काय करायचे हे स्वतः ठरवण्याची त्याची जबाबदारी गाळली, तर उरेल तो केवळ आणखी एक तपास अधिकारी. नव्या रूपांतरांची खरी परीक्षा तिथेच होईल.