पान्याचं पाणी

सायकलचं चाक काढताना पाना सटकून बोटं तारांवर आपटली आहेत का कधी? अशा वेळी राग येतो तो नटावर. ‘गंजलाय लेकाचा!’ पण दोस्तांनो, पुष्कळदा खरा गुन्हेगार आपल्याच हातात असतो!

जरा हिशेब करू. २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला तुम्ही २० किलोचा जोर लावलात. नटाचा कोपरा मध्यापासून जेमतेम १ सेंटिमीटरवर. तरफेच्या नियमानं जोर झाला २० पट, म्हणजे साधारण ४०० किलो! दोन कोपऱ्यांत वाटला तरी प्रत्येकी २०० किलो. एवढ्या जोरानं पान्याचं तोंड केसभर जरी फाकलं, तरी नटाचे कोपरे खरवडतात आणि नट गोल होतो. मग छिन्नी-हातोडी घेऊन बसा! मेकॅनिकच्या तर बोटांवरच पोट, त्यामुळे तो हत्यार घेताना इतका चोखंदळ का असतो ते कळेल.

मग पाना नुसता कडक केला की झालं? तिथंच तर गोम आहे. टाचणी वाकते, पण शिवणयंत्राची सुई कटकन मोडते. सुई कडक, पण ठिसूळ. पाना वाकायलाही नको आणि मोडायलाही नको. म्हणून कारागीर पोलाद लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतात. यालाच आपल्याकडे ‘पाणी देणं’ म्हणतात. त्यानं पोलाद कडक होतं. मग पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. पूर्वी लोहार हे सगळं पोलादाच्या रंगावरून ओळखत. हात बसलेला कारागीर असेल तर पाना झकास, नाहीतर देवाचं नाव घ्या!

पुढं पोलादच बदललं. १९०८ साली हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार आली. तिच्या महत्त्वाच्या भागांत व्हॅनेडियम मिसळलेलं पोलाद होतं, मजबूत आणि चिवट. त्याच जातीचं पोलाद पुढं पान्यांतही आलं. आजही चांगल्या पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ कोरलेलं दिसतं. साध्या पोलादाचा पाना जाडजूड करावा लागे, हा मात्र सडपातळ असूनही दमदार. अडचणीच्या जागी बारीक तोंडाचा पाना शिरतो, हा फायदा वेगळाच.

नुसत्या आकारातही गंमत झाली. १८९२ साली स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांनी तोंड कमी-जास्त करता येणाऱ्या पान्याचं, आपल्या ‘स्क्रू पान्या’चं, पेटंट घेतलं. मोठी सोय, पण माझ्या मते हा पाना घाईच्या वेळेचा! त्याचा हलता जबडा थोडा खेळतोच. १९६० च्या दशकात अमेरिकेत गोटी पान्याच्या आतला आकार बदलला. जोर नटाच्या नाजूक कोपऱ्यावर न पडता बाजूच्या सपाट भागावर पडू लागला. पोलाद तेच, पण नट वाचले!

आपल्या देशात जालंधर आणि लुधियाना ही हत्यारांची मोठी केंद्रं. महाराष्ट्रात नाशिकच्या तापडिया कंपनीनं १९६९ साली स्वीडनच्या एका कंपनीच्या तांत्रिक मदतीनं हातहत्यारं बनवायला सुरुवात केली.

‘पूर्वीची हत्यारं काय मजबूत असायची!’ असं आजोबा म्हणतात ना? त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. जुने वाईट पाने केव्हाच भंगारात गेले. उरले ते चांगलेच, म्हणून आपल्याला सगळंच जुनं भारी वाटतं! आजचा चांगला पाना जुन्यापेक्षा सरस असतो. फरक एवढाच, की आज स्वस्त आणि टाकाऊ मालही तितकाच चकचकीत दिसतो. क्रोमचा मुलामा चढवला की आतलं पोलाद कोण बघतो?

तेव्हा सायकलसाठी पाना घेताना आई-बाबांना एक युक्ती सांगा. नट सोबत न्या. पाना नटावर चढवून हलवा. खुळखुळला तर परत ठेवा. तोंडाच्या आतल्या दोन्ही बाजू सपाट, समांतर हव्यात. मुलाम्याला पोपडे नकोत.

आणि घरात जुना पाना असेल तर त्यावरचा आकडा बघा बरं! १४ लिहिलं असेल तर तोंड पट्टीनं मोजा. १४ मिलिमीटर भरेल. पण ‘३/८ डब्ल्यू’ असेल तर? तोंड भरेल १८ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्या जवळ! चूक नाही ती. तो ‘डब्ल्यू’ म्हणजे व्हिटवर्थ. या इंग्रज इंजिनिअरनं १८४१ साली आट्यांची मापं ठरवून दिली. त्या पद्धतीत पान्यावर तोंडाचं नव्हे, तर बोल्टच्या दांड्याचं माप लिहीत!