नावांच्या वाटेने शोध

दिल्लीतील सरोजिनी नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे येथे राहत आली आहेत. महाराष्ट्रातून नव्याने बदली होऊन आलेले एखादे कुटुंब प्रथमच येथील भाजीबाजारात जाते, तेव्हा त्याची थोडी पंचाईत होते. गृहिणी ‘दुधी’ मागते. समोर दुधीचा ढीग असूनही भाजीवाला बुचकळ्यात पडतो. कारण तो त्या भाजीला ‘घिया’ किंवा ‘लौकी’ म्हणतो. मग ती ‘सीताफळ’ मागते. भाजीवाला लगेच तांबड्या भोपळ्याची फोड कापून तराजूत टाकतो. कारण दिल्लीत तांबड्या भोपळ्याला ‘सीताफल’ म्हणतात. आपल्या सीताफळाचे तेथील नाव ‘शरीफा’! पहिल्या वेळी वस्तू असूनही मिळाली नाही. दुसऱ्या वेळी मिळाली, पण भलतीच.

बाजारातील ही पंचाईत दोन दिवसांत संपते. परंतु हीच अडचण ज्ञानाच्या बाजारात आली, तर तिचे परिणाम गंभीर होऊ शकतात. सरोजिनी नगरपासून थोड्याच अंतरावर, रिंग रोडलगत अन्सारी नगर येथे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय आहे. १ एप्रिल १९६६ पासून ते या नावाने ओळखले जाते. शेजारीच अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि सफदरजंग रुग्णालय आहे. रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पूर्वीच्या डॉक्टरांनी काय पाहिले, काय लिहून ठेवले, याचा शोध घ्यावा लागतो. तो शोध शब्दांच्या आधारे चालतो. शब्द चुकला किंवा अपुरा पडला, तर उपयोगी लेख कपाटात असूनही नसल्यासारखाच होतो.

सूचीपासून संगणकापर्यंत

वैद्यकीय लेखांची संख्या एकोणिसाव्या शतकातच इतकी वाढली होती, की ते सर्व वाचणे कोणालाही शक्य नव्हते. म्हणून अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ ही लेखांची विषयवार सूची सुरू केली. पुढे हे काम तेथील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाकडे आले. १९६४ मध्ये त्यासाठी संगणकाचा उपयोग होऊ लागला. १९९६ मध्ये ‘पबमेड’ ही शोधव्यवस्था तयार झाली आणि १९९७ पासून ती जगातील सर्वांसाठी विनामूल्य खुली झाली. आज तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी आहेत. छापील ‘इंडेक्स मेडिकस’ २००४ च्या अखेरीस बंद झाले.

एवढ्या नोंदींमध्ये संगणक शब्द क्षणात शोधतो. मात्र संगणकाला अर्थ आपोआप कळत नाही. आपण दिलेली अक्षरे जेथे असतील, ती नोंद तो पुढे ठेवतो. एकाच आजाराला एका लेखकाने एक नाव दिले आणि दुसऱ्याने दुसरे, तर संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे विषय ठरतात. कोणी सांगितल्याशिवाय घिया म्हणजेच दुधी, हे त्याला कसे कळावे?

विंचू एक, नावे अनेक

याचे एक उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. कोकणात आढळणाऱ्या तांबड्या विंचवाचा दंश प्राणघातक ठरू शकतो, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत. त्याच्या विषामुळे शरीरातील काही द्रव्ये अतिप्रमाणात रक्तात मिसळतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांचा या विषयावरील लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या प्रख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे ‘प्राझोसिन’ हे औषध विंचूदंशावर उपयोगी पडते, हा त्यांचा अनुभव १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आला. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्राझोसिन आणि प्रतिविष यांच्या एकत्रित उपचाराविषयीचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आता असे समजा, की दुसऱ्या राज्यातील एखाद्या तरुण डॉक्टरसमोर विंचू चावलेले मूल आहे आणि त्याला ही माहिती हवी आहे. त्याने या विंचवाचे आजचे शास्त्रीय नाव, म्हणजे ‘हॉटेनटोटा टॅम्युलस’, संगणकाला दिले. या प्राण्याला हे कुलनाम २००७ मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या लेखांत तो ‘मेसोबुथस टॅम्युलस’ आहे आणि त्याहूनही जुन्या लेखांत ‘बुथस टॅम्युलस’. २०११ च्या लेखाच्या शीर्षकातही ‘मेसोबुथस’ हेच नाव आहे. १९८२ च्या लेखाच्या शीर्षकात फक्त ‘तांबडा विंचू’ असे इंग्रजी शब्द आहेत. विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी साचते, हे पी. एम. मुंडले यांनी १९६१ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले होते, त्या शीर्षकात तर विंचवाचे शास्त्रीय नावच नाही. शिवाय इतक्या जुन्या लेखांच्या नोंदीत बहुधा सारांश नसतो. शीर्षकातले शब्द जुळले नाहीत, तर लेख सापडण्याची शक्यता फारच कमी होते.

म्हणजे अचूक आणि अद्ययावत नाव देणाऱ्या डॉक्टरलाच सर्वांत उपयोगी लेख न सापडण्याचा संभव! येथे दोष ज्ञानाचा नाही, शब्दाच्या एकटेपणाचा आहे.

शोधप्रश्नाचा विस्तार

यावर उपाय म्हणजे शोधप्रश्नाचा विस्तार. आपण दिलेल्या शब्दाबरोबर त्याच अर्थाचे इतर शब्दही शोधात घेणे, यालाच शोधप्रश्नाचा विस्तार म्हणतात. त्याची रीत सोपी आहे. प्रथम आपल्या प्रश्नात किती मुद्दे आहेत, ते वेगळे करावे. वरील उदाहरणात दोन मुद्दे आहेत : विंचू आणि औषध. प्रत्येक मुद्द्यासाठी नवी, जुनी, शास्त्रीय आणि बोलीतील नावे लिहावीत. एकाच मुद्द्याची नावे ‘किंवा’ने जोडावीत आणि निरनिराळे मुद्दे ‘आणि’ने जोडावेत. मग प्रश्न असा होतो : (हॉटेनटोटा टॅम्युलस किंवा मेसोबुथस टॅम्युलस किंवा बुथस टॅम्युलस किंवा तांबडा विंचू किंवा विंचूदंश) आणि (प्राझोसिन). प्रत्यक्ष शोधात हेच शब्द इंग्रजीत द्यावे लागतात. ‘किंवा’मुळे जाळे रुंद होते, ‘आणि’मुळे ते विषयाबाहेर जात नाही.

दर वेळी हे काम शोधणाऱ्यानेच करावे, असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६० मध्ये ‘वैद्यकीय विषयशीर्षकांचा कोश’ तयार केला. त्यात प्रत्येक विषयासाठी एक प्रमाण नाव ठरवलेले असते आणि त्याची पर्यायी नावे त्याला जोडलेली असतात. पबमेडमध्ये कोणी ‘हार्ट अटॅक’ असे लिहिले, तर व्यवस्था आपण होऊन ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ हे प्रमाण नावही शोधात घेते. हा कोश वृक्षासारखा रचलेला आहे. मोठ्या विषयाच्या फांद्यांवर लहान विषय असतात. त्यामुळे ‘कर्करोग’ या मोठ्या शीर्षकाखाली शोध घेतला, की निरनिराळ्या अवयवांच्या कर्करोगांवरील लेखही मिळतात. लेखांना ही शीर्षके लावण्याचे काम पूर्वी प्रशिक्षित माणसे करत. २०२२ पासून ते संगणकाकडून होते आणि आवश्यक तेथे माणसे ते तपासतात.

तरीही नवा विषय आला, की कोश मागे पडतो. २०२० च्या आरंभी एका नव्या साथीला ‘नवा कोरोनाविषाणू’, ‘वुहानचा न्यूमोनिया’ अशी अनेक नावे होती. जागतिक आरोग्य संघटनेने ११ फेब्रुवारी २०२० रोजी ‘कोविड-१९’ हे नाव जाहीर केले. त्यापूर्वीचे लेख शोधायचे, तर ती आधीची नावे आठवावीच लागतात.

विस्ताराची मर्यादा

तर मग जितके शब्द अधिक तितके चांगले, असे म्हणता येईल काय? तसे नाही. शोधाच्या दोन कसोट्या आहेत. उपयोगी लेखांपैकी किती हाती आले, ही पहिली. आणि हाती आलेल्या लेखांपैकी किती उपयोगी निघाले, ही दुसरी. समजा, एका विषयावर दहा उपयोगी लेख आहेत. एकच शब्द देऊन चार लेख मिळाले आणि ते चारही उपयोगी निघाले. दुसरी कसोटी पूर्ण उतरली, पण सहा लेख हातचे गेले. उलट, वीस शब्द देऊन पाचशे लेख मिळाले आणि त्यांत ते दहाही आहेत. पहिली कसोटी पूर्ण उतरली, पण ते दहा लेख पाचशेंमधून निवडण्यास वेळ कोणाजवळ आहे? एक कसोटी वाढवताना दुसरी ढासळते. दोहोंचा मेळ घालणे हेच शोधाचे कौशल्य होय.

एक शब्द दोन अर्थांचा असला, की धोका वाढतो. महाराष्ट्रात भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावण्याची सवय अनेकांना असते. तिला मशेरी किंवा मिश्री म्हणतात. तोंडाच्या कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्याला हे दोन्ही शब्द, त्यांच्या निरनिराळ्या इंग्रजी अक्षरलेखनांसह, शोधावे लागतात. परंतु हिंदीत ‘मिश्री’ म्हणजे खडीसाखर! नुसता हा शब्द दिला, तर सीताफळाऐवजी भोपळा हाती येणारच. अशा वेळी ‘आणि तंबाखू’ हे शब्द जोडणे आवश्यक ठरते.

अलीकडे संगणक स्वतःच लाखो लेख वाचून कोणते शब्द एकमेकांच्या जवळचे आहेत, हे ठरवतो. एकाच प्रकारच्या वाक्यांत येणारे शब्द जवळचे, असा त्याचा साधारण नियम असतो. हा नियम फार उपयोगी आहे. कारण कोशात नसलेली नावेही त्यामुळे सापडतात. परंतु ‘वाढलेला रक्तदाब’ आणि ‘घटलेला रक्तदाब’ हे शब्दप्रयोगही एकाच प्रकारच्या वाक्यांत येतात. त्यांना समानार्थी मानले, तर अनर्थ होईल. म्हणून यंत्राने सुचवलेला शब्द घ्यावा की वगळावा, याचा अंतिम निर्णय विषय जाणणाऱ्या माणसानेच करावा लागतो.

शोधणाऱ्याचा विवेक

हे कौशल्य केवळ डॉक्टरांच्या उपयोगाचे नाही. सरकारी योजना, पिकावरील कीड, कायद्यातील तरतूद अशी कोणतीही माहिती शोधताना प्रथम कागदावर त्या गोष्टीची चार नावे लिहावीत : आपण घरात म्हणतो ते, कार्यालयात वापरतात ते, जुने आणि नवे. काहीच मिळाले नाही, तर ‘माहितीच नाही’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी शब्द बदलून पाहावा. फार मिळाले, तर आणखी एक मुद्दा जोडावा. मात्र आजाराविषयी मिळालेली माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, हे विसरू नये.

महाडच्या रुग्णांविषयी लिहिले गेलेले ज्ञान अन्यत्र विंचू चावलेल्या मुलापर्यंत पोहोचले, तरच त्याचे सार्थक झाले. लिहिणारा एका नावाने लिहितो, शोधणारा दुसऱ्या नावाने विचारतो. या दोन नावांमध्ये वाट घालून देणे, हेच शोधप्रश्नाच्या विस्ताराचे खरे कार्य आहे.